तिकिटावरचा डोंगर

माचू पिचूला जायचे पक्के झाले की आता विमानाची तिकिटे, व्हिसा आणि उबदार कपडे एवढीच काय ती जुळवाजुळव उरली, असा माणसाचा गोड गैरसमज होतो. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. पेरू देशातल्या त्या इंका नगरीत पोहोचल्यावर आपण नेमका कोणता डोंगर चढणार, किंवा कोणता चढायचे टाळणार, हे काही महिने आधी, पुण्यातल्या दिवाणखान्यात पंख्याखाली बसून, पासपोर्टच्या क्रमांकासह कळवावे लागते. सिंहगडाच्या पायथ्याशी उभे राहिल्यावरसुद्धा पायी चढायचे की गाडीने वर जाऊन थेट पिठले-भाकरीपुढे बसायचे, याचा विचार बदलण्याची मुभा आपल्याला असते. माचू पिचूच्या व्यवस्थेला असला ऐनवेळचा मनुष्यस्वभाव मान्य नाही.

२०२४ च्या जूनपासून तेथे तीन मुख्य मार्ग आणि त्यांत मिळून दहा वाटा अशी रचना झाली आहे. त्यांतल्या काही वाटा केवळ गर्दीच्या हंगामात उघडतात. तिकिटावर नाव, वाट आणि आत शिरण्याचा तास छापलेला असतो. एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर उडी मारता येत नाही, उलट दिशेने फिरता येत नाही आणि बाहेर पडलेल्याला पुन्हा आत घेतले जात नाही. पंधराव्या शतकात पाचाकुती राजाच्या काळी उभी राहिलेली ही दगडी नगरी पर्यटकांच्या बुटांखाली झिजून जाऊ नये, हा हेतू रास्तच आहे. परंतु ज्या कुटुंबात उपाहारगृहात गेल्यावर मेनूकार्ड तीनदा फिरते आणि अखेर सर्वांसाठी मसाला डोसाच मागवला जातो, त्या कुटुंबापुढे दहा पर्याय ठेवणे हे काही माणुसकीचे लक्षण नव्हे.

बैठक आमच्याच घरी बसली. मी, बायको, मेव्हणी, साडू आणि त्यांचा अमेरिकेत शिकून आलेला मुलगा, म्हणजे आमचा भाचा, एवढे सदस्य होते. लॅपटॉप भाच्याकडे असल्यामुळे सत्ताही त्याच्याकडेच होती. साडूंनी मात्र बैठक सुरू होण्यापूर्वीच निकाल जाहीर केला. त्यांच्या उमेदीचा काळ सह्याद्रीत गेला असून त्या काळाला कोणीही साक्षीदार नसल्यामुळे तो दर वर्षी थोडाथोडा वाढत चालला आहे. "अलंग-मदन केलेल्या माणसाला हे कसले डोंगर दाखवता?" असे म्हणून त्यांनी कळसूबाईचाही दाखला दिला. त्यावर भाच्याने थंडपणे सांगितले की कळसूबाई १,६४६ मीटर आहे आणि आपण ज्या कुस्को शहरात उतरणार आहोत, तेथल्या विमानतळाची उंची ३,३१० मीटर आहे. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी एक कळसूबाई ठेवली, तरी धावपट्टी थोडी वरच राहील. साडूंनी यावर विचार करण्यासाठी चहा मागवला. माचू पिचू स्वतः २,४३० मीटरवर, म्हणजे कुस्कोहून बरेच खाली आहे, ही दिलासा देणारी माहिती भाच्याने त्यांचा चहा संपेपर्यंत राखून ठेवली.

पहिला पर्याय अर्थातच वायना पिचूचा. माचू पिचूच्या प्रत्येक छायाचित्रात भग्न घरांच्या मागे जो उभा सुळका दिसतो, तो हाच. नगरीपासून त्याची चढण तीनशे मीटरच्या आतबाहेर आहे, पण ती चढण दगडात बसवलेल्या अरुंद, जवळजवळ शिडीसारख्या पायऱ्यांची असून जागोजागी धरायला तारेचे दोर लावलेले आहेत. शिखराजवळ एका खडकाच्या बोगद्यातून वाकून, प्रसंगी गुडघ्यांवर रांगत, पलीकडे निघावे लागते. हे ऐकून सर्वांची नजर साडूंच्या पोटाकडे गेली आणि सभ्यपणे परत आली. बारा वर्षांखालील मुलांना तेथे सोडत नाहीत. वयाची वरची मर्यादा कोणी का घातली नाही, हे मला कळलेले नाही. साडूंसारख्यांच्या बायकांच्या दृष्टीने या नियमावलीतली तीच सर्वांत मोठी उणीव आहे.

दुसरा पर्याय नगरीच्या दुसऱ्या अंगाला असलेल्या माचू पिचू पर्वताचा होता. तो तीन हजार मीटरची रेषा ओलांडतो, सोळाशेहून अधिक पायऱ्या आहेत आणि नगरीपासून चढण साडेसहाशे मीटरच्या घरात जाते. मेव्हणीने लगेच हिशेब करून सांगितले की हे दोनशेहून अधिक मजले झाले, आणि आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडली तेव्हा तिचे यजमान चौथ्या मजल्यावर कोणाच्या खुर्चीत बसून होते, याचीही आठवण दिली. या पर्वतावर गर्दी कमी असते म्हणतात. त्याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही.

इंती पुंकू, म्हणजे सूर्यद्वार, हा पर्याय माझ्या मनात भरला होता. चढ सौम्य, वाट फरसबंद, साधारण तासा-दीड तासात वर पोहोचता येते आणि तेथून सगळी नगरी पायाशी पसरलेली दिसते. अडचण बायकोने काढली. इंका वाटेने चार दिवस चालत, तंबूत झोपत, चार हजार दोनशे मीटरची खिंड ओलांडून येणारे लोक याच द्वारातून माचू पिचूचे पहिले दर्शन घेतात. "ते बिचारे चार दिवसांनी घामाघूम होऊन तिथे पोहोचणार आणि समोरून आपण बसने येऊन, केस विंचरून उभे असणार. अहो, त्यांना तोंड कसं दाखवायचं?" हा मुद्दा कोणत्याही प्रवासपुस्तकात दिलेला नाही, तरी तो बिनतोड होता. सूर्यद्वार बाद झाले.

उचुय पिचू हा वायना पिचूच्या कुशीतला छोटा उंचवटा आहे. "काका, हा तुमच्यासाठी एकदम परफेक्ट आहे," असे भाचा ज्या सुरात म्हणाला, त्या सुरामुळे तो मी तेथल्या तेथे नाकारला. महागुहेची वाट वायना पिचूच्या पाठीमागे खोल उतरते आणि मग तेवढीच चढून परत येते. आधी उतरा आणि दमल्यावर चढा, ही कल्पना ज्याला आकर्षक वाटेल असा एकही सदस्य बैठकीत नव्हता.

या साऱ्या चर्चेत उंची, पायऱ्या आणि देखावा यांवर मोकळेपणाने बोलणे झाले. मात्र पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाच्या लेखी जो खरा निकष असतो, त्याचा उच्चार कोणी करीना. माचू पिचूच्या आत स्वच्छतागृह नाही. ते प्रवेशद्वाराच्या बाहेर आहे आणि बाहेर पडले की तिकिटाचे आयुष्य संपते. उंचीचा त्रास टाळण्यासाठी भरपूर पाणी प्यावे, असे डॉक्टर बजावतात. कुस्कोत तर हॉटेलात शिरताच कोकाच्या पानांचा गरम चहा पुढे येतो आणि तो संपला की दुसरा ओतून घ्या, असा आग्रह होतो. पाणी प्यायले तर आतला डोंगर पुरा होत नाही आणि न प्यायले तर डोके धरते, या कात्रीत सापडलेला मनुष्य डोंगराची निवड सौंदर्यदृष्टीने करीत असेल, असे ज्यांना वाटते, त्यांचे वय अजून व्हायचे आहे. "काका, मोठ्या पर्वताला जाऊन-येऊन चार तास धरा. जमेल?" असे भाच्याने विचारले, तेव्हा प्रश्न गुडघ्यांविषयीच आहे असे समजून मी गंभीरपणे गुडघ्यावर हात ठेवला आणि नकार दिला.

शेवटी उरला इंका पूल. वरच्या मजगीपासून, म्हणजे उतारावरच्या पायरीवजा सपाट शेतापासून, अर्ध्या तासाच्या आत तेथे पोहोचता येते, चढ नावापुरता आहे आणि शिखर वगैरे काही नाही. पुलावर चालण्याची मुळी परवानगीच नाही. तो लांबून पाहायचा आणि परत यायचे. मी या वाटेच्या बाजूने इतके जोरकस भाषण केले की बायकोने आणि मेव्हणीने ताबडतोब पाठिंबा दिला. साडूंनी "पूल बघायला पेरूला कशाला? लकडी पूल काय वाईट आहे?" असा शेरा मारून स्वतःसाठी आणि मुलासाठी वायना पिचूची तिकिटे काढवून घेतली. त्या वेळी भाच्याने त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. वायना पिचूचे तिकीट खालच्या मार्गाचे असते. ज्या उंच मजगीवरून माचू पिचूचे ते जगप्रसिद्ध छायाचित्र निघते, तेथे त्या तिकिटावर जाता येत नाही. थोडक्यात, जो त्या सुळक्यावर चढतो, त्याला सुळक्यासमोर उभे राहून फोटो काढून घेता येत नाही. साडू म्हणाले, "आम्ही फोटोसाठी डोंगर चढत नाही." हे वाक्य मी त्याच दिवशी लक्षात ठेवले.

आग्वास कालिएन्तेस या पायथ्याच्या गावापर्यंत मोटाररस्ता जात नाही, त्यामुळे ओयांतायतांबोहून उरुबांबा नदीच्या काठाने आगगाडीने तेथे यावे लागते. तेथून पहाटेच्या अंधारात बस नागमोडी वळणे घेत वर निघते. हा रस्ता १९४८ साली खुला झाला आणि त्याला हायरम बिंगहॅम या अमेरिकन संशोधकाचे नाव दिले आहे. २४ जुलै १९११ रोजी बिंगहॅम येथे पोहोचले, तेव्हा नगरीच्या मजग्यांवर शेतकरी कुटुंबे राहून शेती करीत होती. त्यांना तिकिटाचा तास विचारणारे कोणी नव्हते. प्रवेशद्वाराशी साडूंच्या धातूच्या टोकाच्या नव्याकोऱ्या काठ्या ठेवून घेण्यात आल्या, कारण आत काठी न्यायची तर ती वृद्धांनी किंवा अपंगांनी आणि तीही रबरी टोपण लावूनच न्यावी, असा नियम आहे. बायकोने रबरी टोपणाची काठी आणली होती. परंतु ती हातात धरली की आपण वृद्धांत जमा होऊ, हे उमगताच तिने तीही तेथेच ठेवली आणि माझा दंड धरला. खाद्यपदार्थ आत नेता येत नसल्यामुळे मेव्हणीने बेसनाचे लाडू द्वाराबाहेरच सर्वांना सक्तीने खाऊ घातले. मग लाल जाकीट घातलेले साडू हात उंचावून एका दिशेला निघाले आणि आम्ही दुसऱ्या.

इंका पुलाच्या वाटेवर एक छोटी चौकी आहे. तेथल्या वहीत जाताना नाव आणि वेळ लिहायची आणि परतताना पुन्हा वेळ लिहायची. बायको सही करण्याऐवजी मागचे पान उलटून, परतीची वेळ न लिहिलेली नावे कोणकोणती आहेत ते वाचू लागली. चौकीदाराने वही हळूच आपल्याकडे ओढली. पुढची वाट कड्याला चिकटून जाते. एका हाताला ओला कातळ, त्यावर नेचे आणि शेवाळे. दुसऱ्या हाताला काहीही नाही. तो "काहीही नाही" शेकडो मीटर खोल असून ढग मधूनमधून त्यावर झाकण घालतात, हे त्यांचे उपकार. समोरून कोणी आले की कातळाची बाजू कोणाची, असा आंतरराष्ट्रीय पेच उभा राहतो. मेव्हणी प्रत्येक वेळी "भावोजी, तुम्ही जरा बाहेरून जा ना," असे म्हणे, आणि इतक्या आपुलकीने म्हटलेले टाळताही येत नसे.

वाट एका फाटकाशी संपते आणि पलीकडे पूल दिसतो. सरळसोट कड्याच्या पोटाशी दगड रचत इंकांनी एक अरुंद धक्का बांधत नेला आहे आणि मध्येच, जाणूनबुजून, सुमारे सहा मीटरची फट ठेवली आहे. त्या फटीवर काही ओंडके आडवे टाकलेले आहेत, तोच पूल. "एवढंच?" मेव्हणीने विचारले. पण मला ती रचना फारच पटली. नगरीच्या मागच्या बाजूने येणारी ही वाट होती. शत्रू आला की ओंडके ओढून घ्यायचे आणि वाट संपली. १८१८ नंतर इंग्रजांनी आपल्याकडच्या अलंग-मदनसारख्या कितीतरी किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या आणि त्या अजून तुटलेल्याच आहेत. इंकांनी तेच काम दोन-चार माणसांच्या हाती सोपवले होते आणि पाहुणा जाताच वाट पुन्हा जोडता येत होती. तेवढ्यात बायको म्हणाली की आपल्याकडे साडू येणार असे कळल्यावर उपयोगी पडेल असा हा पूल आहे. मी यावर मत दिले नाही.

या वाटेचा आणखी एक गुण मला तेथेच लक्षात आला. फाटकाच्या पुढे कोणालाच जाता येत नसल्याने, रोज पहाटे पळणारा तगडा जर्मन आणि गुडघ्यावर पट्टा बांधलेला मी, दोघांची मजल अगदी सारखी होती. "तुम्ही कुठपर्यंत गेलात?" हा गिर्यारोहकांचा आवडता प्रश्न येथे कोणी कोणाला विचारत नाही. शिवाय वहीतल्या वेळेप्रमाणे आम्ही तासाभरात परत आलो होतो आणि माझी प्रकृती सर्व दृष्टींनी उत्तम होती.

परतताना वरच्या मजगीवर लामा चरत होते, ढग फाटले आणि समोर तो सुळका पूर्ण उघडा झाला. मेव्हणीने तिघांचे, मग दोघींचे, मग लामासह असे भरपूर फोटो काढून घेतले. संध्याकाळी आग्वास कालिएन्तेसच्या उपाहारगृहात साडू दोन्ही हातांनी टेबल धरून खुर्चीत बसले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर विजय होता आणि मांड्यांत गोळे होते. आमचे फोटो त्यांनी बराच वेळ पाहिले. मग एकावर बोट ठेवून तो मोठा करीत नेला आणि शिखराच्या खाली कातळावरच्या एका ठिपक्यावर थांबून ते म्हणाले, "हा बघा, हा मी." भाच्याने फोटोची वेळ पाहून सांगितले की त्या वेळी आपण दोघे बोगद्याच्या आत होतो. मेव्हणीने त्याला टेबलाखालून पायाने गप्प केले. पुण्याला आल्यावर तिने तो फोटो मोठा करून चौकटीत बसवून घेतला आणि आता तो त्यांच्या दिवाणखान्यात आहे; येणाऱ्याजाणाऱ्याला साडू काठीने ठिपका दाखवतात. ठिपका निळसर आहे. जाकीट लाल होते, हे आमच्यापैकी कोणी काढत नाही.