हिंदमाता बुडत नाही

मुंबईत पाणी कुठे तुंबतं हे सांगायला संगणक लागत नाही. हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही यादी शाळकरी पोरगंही पाढ्यासारखी म्हणून दाखवेल. तरी कॉलेजात 'पूरप्रवण क्षेत्रांचा नकाशा' हा प्रोजेक्ट मिळतो, लॅपटॉपवर क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर चढतं आणि आठवडाभराच्या जागरणातून असा नकाशा निघतो की त्यात हिंदमाता तेवढी कोरडी!

माझा राग सॉफ्टवेअरवर नाही. ते बिचारं सांगितलं तेवढंच करतं, आणि तीच पंचाईत आहे.

जागांच्या तक्त्याची सीएसव्ही फाइल उघडताना अक्षांश-रेखांशाचे रकाने उलटे निवडले की दादर टीटी थेट नॉर्वेच्या उत्तरेला, भर समुद्रात. ही चूक निदान दिसते. प्रोजेक्शनची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीची, दिसत नाही. ईपीएसजी 4326 या अक्षांश-रेखांशाच्या पद्धतीत एकक अंशाचं; मिठी नदीभोवती 50 मीटरचा बफर, म्हणजे पट्टा, हवा म्हणून नुसते 50 टाकले की मिठीचा पूर कैरोपासून मनिलापर्यंत. उतार काढावा तर उंची मीटरमध्ये, अंतर अंशांत, त्यामुळे आझाद मैदानाचाही कडा होतो. म्हणून आधी सगळे थर 32643 मध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम 43 उत्तरमध्ये, नव्याने प्रक्षेपित करून घ्यावेत. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन नुसता सीआरएस (थर कोणत्या पद्धतीत आहे याची नोंद) बदलला तर आकडे तेच राहतात, पाटी तेवढी बदलते, आणि मुंबई गुपचूप मालदीवच्या पश्चिमेला विषुववृत्तावर जाऊन बसते.

पावसाचा थर हा वेगळाच विनोद. कुलाबा आणि सांताक्रूझ या दोनच केंद्रांच्या आकड्यांवर अख्खं शहर रंगवायचं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर, कुलाब्याला जेमतेम 73. आयडीडब्ल्यू (जवळच्या केंद्राला जास्त वजन देऊन मधले आकडे काढण्याची रीत) चालवलं की दोन केंद्रांभोवती दोन गोल वर्तुळं उमटतात. ढगांनी जणू कंपास वापरला.

आता मुख्य दुखणं. उंचीसाठी सगळे एसआरटीएम हे जमिनीच्या उंचीचं तयार मोजमाप घेतात, कारण फुकट. ते फेब्रुवारी 2000 मध्ये अंतराळयानातून रडारने मोजलेलं. एक पिक्सेल 30 मीटरचा, म्हणजे चाळ, गल्ली आणि नाला एकाच उंचीवर. त्यातही रडारला जमिनीऐवजी छपरं आणि झाडांचे शेंडे लागलेले. मोजणीच्या निकषातच 16 मीटरपर्यंतची चूक चालते, आणि दादर-परळचा सखल भाग समुद्रसपाटीपासून मोजून काही मीटर! चूक जागेपेक्षा उंच.

एवढ्यावरही हिंदमातेचा खळगा कुठे धुगधुगी धरून असेल, तर पुढची पायरी त्याचा निकाल लावते. पाण्याच्या वाटा काढायच्या आधी 'फिल सिंक्स' चालवा, असं प्रत्येक ट्यूटोरियल सांगतं. कारण रास्त आहे: खड्डा राहिला तर प्रवाह तिथेच अडकतो, पुढे सरकत नाही. पण हिंदमाता म्हणजे नेमकी बशीच. सॉफ्टवेअर ती काठोकाठ भरून सपाट करतं. पालिकेला जमलं नाही ते एका क्लिकवर!

तोडही तिथेच आहे. भरलेली फाइल फेकायची नाही. रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये (पिक्सेलागणिक गणित करणारं साधन) भरलेल्या उंचीतून मूळ उंची वजा करायची. उरते ती खळग्यांची खोली. ती काढली की पहिल्यांदा घाबरायला होतं, कारण इमारतींच्या मधले शेकडो खोटे खड्डेही वर येतात. एक-दोन पिक्सेलचे असतील ते 'सीव्ह'ने गाळायचे. उरलेल्यांवर पाणी तुंबण्याच्या माहितीतल्या जागा ठेवून पाहायच्या. निम्म्या जुळल्या तरी पेढे वाटावेत. आणि साडेचार मीटरच्या वरची भरती आली की नाल्यांची तोंडं समुद्राखाली जातात, हे या नकाशाला ठाऊकच नाही, एवढी ओळ अहवालात प्रामाणिकपणे लिहावी.

सेव्ह करताना शेपफाइल हा फाइलप्रकार मात्र नको. तिच्यात रकान्याच्या नावाला 10 बाइट, आणि युनिकोडच्या यूटीएफ-8 मांडणीत एक देवनागरी चिन्ह 3 बाइट खातं. वेलांटी वेगळी मोजतात. 'पाणी' लिहिलं की 'पाण' उरतं, 'खोली' लिहिलं की 'खोल'. शिवाय पेनड्राइव्हवर नुसती डॉट एसएचपी नेली आणि एसएचएक्स, डीबीएफ या तिच्या जोडफाइली घरीच राहिल्या तर सादरीकरणाला 'खोल'ही उरत नाही. त्यापेक्षा सगळं एकाच फाइलमध्ये ठेवणारं जिओपॅकेज वापरा.