१ मेच्या सुट्टीबद्दल रामबागेच्या काकांना उत्तर

काका, सादर नमस्कार.

इंदूरच्या गिरण्यांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. १ मेचा कामगार दिन हे बाहेरून आलेलं खूळ आहे, कामगाराला रविवार आहे तेवढा पुरे. मराठी माणसाने त्या दिवशी महाराष्ट्र दिन करावा. आणि सुट्टी मिळते पगारदारांना, तुमच्या घराचा वरचा मजला बांधणारे मिस्त्री मात्र त्या दिवशीही कामावर असतात.

आधी रविवारचं बोलू, कारण तो तरी कामगाराला आपोआप कुठे मिळाला? मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. जोतीरावांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा घेतल्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, कामावर जायबंदी झालेल्याला मदत, अशा मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या-अंगठे केले. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार बायका बोलल्या. त्या काळात, एवढ्या गर्दीपुढे! मला त्यांचं धैर्य फार मोठं वाटतं. १० जून १८९० ला मालकांनी रविवार मान्य केला.

शिकागोच्या कामगारांचा आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठीचा लढा १८८६ चा, आणि जगात १ मे पहिल्यांदा पाळला गेला तोही १८९० मध्येच. म्हणजे तिथे कामाला मर्यादा मागत होते, तशीच ती इथले लोकही आपल्या भाषेत मागत होते. मग परकं काय राहिलं? आपल्या शेजारच्या महूत जन्मलेले बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात श्रम खातं सांभाळत होते, तेव्हाच १९४६ मध्ये कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला.

महाराष्ट्र दिनाशी तर याचं भांडणच नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांत गिरणी कामगार होते. मुंबईच्या हुतात्मा चौकात मशाल धरून उभे आहेत ते शेतकरी आणि कामगार.

आता आपल्या इंदूरचं. हुकुमचंद मिल १९९१-९२ च्या सुमारास बंद पडली आणि कामगारांची देणी अडकली. कोर्ट, अवसायक (बंद कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी), जमिनीचा वाद. सुमारे ४,८०० कामगारांसाठी जवळपास २२४ कोटी रुपये सुटले ते २५ डिसेंबर २०२३ ला. तोवर कितीतरी जण गेले होते. पैसे त्यांच्या बायकामुलांच्या हाती आले. अनंत चतुर्दशीला बंद गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, बघायला आपण सगळे रात्रभर रस्त्यावर असतो. त्या झांक्या ज्यांनी उभ्या केल्या, त्यांच्या थकलेल्या पगाराची चौकशी आपल्यापैकी कितीजणांनी केली? वर्षात एक दिवस हे विचारण्यासाठी असावा, एवढंच माझं म्हणणं.

तिसरा आक्षेप मात्र तुमचा अगदी बरोबर आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रोजंदारीवाल्याला सुट्टी म्हणजे त्या दिवशीची चूल बंद. पण त्यावर सुट्टीच नको हा उपाय कसा होईल? त्याला ती पगारी मिळायला हवी. बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला, तेव्हापासून बांधकामाच्या खर्चावर उपकर घेऊन त्यांच्या कल्याणासाठी निधी उभा राहतो. त्यात नाव नोंदवायला गेल्या वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेलं असावं लागतं. आज इथे, उद्या तिथे काम करणारा माणूस हे ९० दिवस दाखवणार कशावरून?

म्हणून तुम्हालाच विनंती करतो. येत्या १ मेला तुमच्या मिस्त्रींना आणि त्यांच्या हाताखालच्या बायांना दिवसाचा रोज देऊन सुट्टी द्या. आणि तुमच्याकडे त्यांनी किती दिवस काम केलं ते तारखांसकट लिहून, खाली सही करून तो कागद त्यांच्या हाती द्या.