गच्चीवरच्या हवाई संरक्षण दलासाठी सूचना

विमानतळाच्या आसपास सोनेगाव, चिंचभवन, जयताळा, मनीषनगर या भागांत राहणाऱ्या आणि रात्री जेवणानंतर गच्चीवर हवा खायला जाणाऱ्या तमाम नागपूरकरांना विनंती : आकाशात काही चमकलं की आधी घाबरून घ्या. विचार सकाळीही करता येतो.

चमकलं ते ड्रोनच. एका टोकाला लाल दिवा, दुसऱ्या टोकाला हिरवा, मधूनच पांढरा लखलखाट, असं दिसलं की काही अडाणी लोक त्याला विमान म्हणतात. प्रत्येक विमानाच्या डाव्या पंखाला लाल आणि उजव्या पंखाला हिरवा दिवा असतो, एवढाच त्यांचा पुरावा. त्यांना ठणकावून विचारा, "अबे, मग थे हलून काहून नाही राहिलं?" उतरायला येणारं विमान नेमकं आपल्या रोखाने येत असलं, की त्याचा समोरचा दिवा बराच वेळ एका जागी टांगल्यासारखा दिसतो, असं कोणी समजावू लागला तर त्याला कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढून टाका. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची टपाल-विमानं मध्यरात्री नागपुरात यायची आणि इथे पोत्यांची अदलाबदल व्हायची, ही आठवण सांगणाऱ्या आजोबांनाही काढा. त्यांच्या काळी लोकांना विमान बघून विमानच वाटायचं, इतके ते मागासलेले होते.

आदर्श हवाच असेल तर अमेरिकेचा घ्या. २०२४ च्या अखेरीस न्यू जर्सीतल्या लोकांना रात्रीच्या रात्री ड्रोन दिसू लागले. एफबीआय या तिथल्या तपास संस्थेकडे पाच हजारांवर खबरी पोचल्या आणि पुढे तपासण्याजोग्या शंभरही निघाल्या नाहीत. मेरीलँडच्या एका माजी गव्हर्नरांनी तर स्वतःच्या घरावरच्या ड्रोनचा व्हिडिओच टाकला. त्यातले काही 'ड्रोन' म्हणजे मृग नक्षत्राचे तारे आहेत, हे जाणकारांनी नंतर दाखवून दिलं. आपल्याकडचा शेतकरी मृगाकडे पावसासाठी डोळे लावून बसतो, तिकडे त्यालाच घुसखोर ठरवतात. प्रगती म्हणतात ती हीच. आपणही फार मागे नाही म्हणा. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात बीड-जालन्याकडच्या गावांनी ड्रोनच्या धास्तीने रात्री जागून काढल्या होत्या.

पण न्यू जर्सीकर नुसते जागून थांबले नाहीत. त्यांच्यातल्या काही शूरांनी लेझर काढून आकाशावर धरले. वैमानिकांच्या डोळ्यांवर झोत येऊ लागले आणि एफबीआयला हात जोडून सांगावं लागलं, की बाबांनो, तुम्ही ज्याला ड्रोन समजता त्यात माणसं बसलेली आहेत. आपल्याला नेमकं हेच करायचं आहे.

त्यासाठी बर्डीच्या बाजारातल्या फुटपाथवरून लेझर घ्या. हिरवाच घ्या, कारण माणसाच्या डोळ्याला हिरवा प्रकाश सगळ्यांत तीव्र जाणवतो. डबीवर पाच मिलीवॅट लिहिलेलं असेल. त्यावर विसंबू नका, आत त्याच्या कितीतरी पट जास्त निघू शकतं. अर्थात खरोखरच पाच निघालं तरी हिरमुसायचं कारण नाही. तेवढाही हिरवा झोत तीन किलोमीटरवरच्या वैमानिकाचं लक्ष उडवायला पुरतो.

आता विज्ञान थोडं समजून घ्या, म्हणजे काम चोख होईल. कूलरच्या टाकीवर मुगाच्या दाण्याएवढा दिसणारा ठिपका वर जाताना पसरत जातो आणि किलोमीटरभर अंतरावर चांगला मीटरभर रुंद होतो. म्हणजे नेम धरायचीही दगदग नाही. कॉकपिटच्या काचेवरच्या बारीक ओरखड्यांवर तो आपटला की काचभर उजेड पसरतो आणि पलीकडची धावपट्टी दिसेनाशी होते. वैमानिकाने आतले दिवे मंद करून डोळे अंधाराला सरावून घेतलेले असतात. हे सरावणं पुरतं व्हायला अर्धा तास लागतो, मोडायला तुमचं एक बोट पुरतं. उतरणारं विमान सेकंदाला सुमारे सत्तर मीटर कापतं. वैमानिक दोनच सेकंद डोळे चोळत बसला, तरी चाळीस मजली इमारतीच्या उंचीएवढं अंतर त्याने न बघता कापलेलं असतं. मागे दीड-पावणेदोनशे लोक सीटचे पट्टे बांधून बसलेले असतात. त्यात तुमचा पुण्याहून येणारा जावईही असू शकतो. देशासाठी एवढा त्याग करावाच लागतो.

सोनेगावच्या त्याच आकाशात वायुदलही उडतं. देशरक्षणासाठी देशाच्याच वायुदलाचे डोळे दिपवण्याची संधी प्रत्येक शहराला मिळत नाही!

एक सोय मात्र विसरू नका. झोताची एक बाजू आकाशात असते, दुसरी तुमच्या गच्चीवर. ज्या 'ड्रोन'ला तुम्ही हेरत असता, त्याला तुमचा पत्ता हिरव्या रेघेने आखून मिळतो. वैमानिक तो नियंत्रण कक्षाला सांगतो, कक्ष पोलिसांना. पाहुणे घर शोधत गल्लीत फिरत बसत नाहीत.

खर्चाचं म्हणाल, तर अमेरिकेत या हौसेला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आपल्याकडे दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं १२५ वं कलम तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड सांगतं, किंवा दोन्ही. हा झाला कोणाला काहीही न झाल्यासचा दर. कोणी जखमी झालं की तो चढतो.

खरंच संशय आला तर ११२ वर फोन करावा, जागा आणि वेळ सांगावी, नि खाली जाऊन झोपावं, असा एक मिळमिळीत मार्ग काही लोक सुचवतात. त्यात ना फोटो, ना ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी.

तेव्हा धरा लेझर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालातून मारबती, म्हणजे पीडा घालवायचे पुतळे, मिरवत निघतात, त्यांच्यासोबत यंदाच्या नवनव्या पीडांचे पुतळे, म्हणजे बडगेही असतात. एखाद्या मंडळाला बडग्यासाठी विषय हवाच असेल. फोटो देऊन ठेवा, बनियान घातलेला, आणि हातातला हिरवा दिवा खरोखर लागला पाहिजे, हे कारागिराला आधीच बजावून सांगा.