जनरेटरला शंभर ऑक्टेन कशाला?

आज चांदणी चौकाजवळच्या एका पंपावर डोकं फिरलं. पुढे एक तरुण जोडपं, गाडीमागे नवाकोरा छोटा कॅम्पर ट्रेलर, हातात पत्र्याचा कॅन. पंपावरचा मुलगा सांगतोय, "जनरेटरसाठी ना? मग शंभरवालंच घ्या साहेब, इंजिन मोकळं राहतं." लिटरला दीडशेच्या वर! मी मध्ये पडून सांगितलं की याची गरज नाही, तर नवरा म्हणाला, "काका, चांगलंच आहे ना ते." आणि घेतलं.

अरे, चांगलं म्हणजे काय? ऑक्टेन म्हणजे ताकद नाही. सिलिंडरमध्ये दाब वाढला की पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटून ठोका देतं. ते तसं पेटू नये यासाठी त्याच्यात किती दम आहे, एवढंच तो आकडा सांगतो. जास्त कॉम्प्रेशनच्या, म्हणजे पेटण्याआधी पेट्रोल-हवेचं मिश्रण जास्त दाबणाऱ्या, किंवा टर्बोच्या इंजिनाला ते लागतं. आपल्या कॅम्परवरच्या जनरेटरचं कॉम्प्रेशन साधारण साडेआठास एक. त्याला साधं पेट्रोल पुरून उरतं.

आकडा मोठा म्हणजे पेट्रोल चांगलं, ही समजूत अमेरिकन व्हिडिओंमुळे आणखी पसरली आहे. तिथल्या पंपावरचा आकडा रॉन आणि मॉन या ऑक्टेन मोजायच्या दोन चाचण्यांची सरासरी असते, आपल्याकडे नुसता रॉन लिहितात. त्यामुळे त्यांचं साधं ८७ म्हणजे आपलं जवळपास ९१. तिथला माणूस ९१ ला प्रीमियम म्हणतो आणि आपली मुलं घाबरून ९५, १०० शोधत फिरतात. पेट्रोलियम मंत्रालयानं तर ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की आपलं साधं पेट्रोल आधी ८८ होतं, मग ९१ झालं आणि ई-२० मुळे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळल्यामुळे, आता ९५ पर्यंत गेलंय. मग आणखी हवंय कशाला?

मला एवढा राग का येतो, ते पानशेतच्या त्या रात्रीमुळे. आई बरोबर होती. तिला दमा आहे, रात्री विजेवरचा नेब्युलायझर लागतो. जनरेटर मित्राचा. त्यानं उन्हाळ्यात हौसेनं ९५ चं महागडं पेट्रोल टाकी भरून घातलं होतं आणि पावसाळाभर तसंच ठेवलं. रात्री दोरी ओढून ओढून माझा खांदा भरून आला, चोक लावला, काढला, प्लग पुसला. काही नाही. आई मात्र "असू दे रे, बसते मी जरा उशीला टेकून" म्हणत होती आणि तिचा श्वास मला बाहेरपर्यंत ऐकू येत होता.

नंतर पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर उघडला तेव्हा जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, चिकट राळ सापडली. ९५ नं काय वाचवलं? काहीही नाही. जुनं पेट्रोल शिळं होतं, त्यातलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि तसं महिनोन्‌महिने पडून राहिलं की आकडा कितीही मोठा असो, जेट बुजायचंच.

हो, शंभर ऑक्टेनवालं इथेनॉलशिवाय मिळतं, म्हणून ठेवणीला ते बरं, हे मान्य. पण ते गुण इथेनॉल नसण्याचे, शंभराचे नाहीत. आणि वापरून लगेच संपवणार असाल तर त्याचाही उपयोग नाही. जुन्या जनरेटरच्या पुस्तिकेत इथेनॉल जास्तीत जास्त दहा टक्के असं लिहिलेलं असतं आणि आपल्याला वीस मिळतंय, खरी काळजी त्याची करायला हवी. ती कोणी करत नाही!

महाबळेश्वरला नेलं की जनरेटर दमतो म्हणून भारी पेट्रोल घालणारेही पाहिलेत. वर हवा विरळ, दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के ताकद जाते. ऑक्टेननं ती परत येत नाही, उलट उंचीवर ऑक्टेनची गरज कमीच होते.

एवढं लिहिल्यावर मित्राचा चेहरा आठवला. त्या रात्री आम्ही ट्रेलर तिथेच सोडून आईला गाडीत घातलं आणि खडकवासल्याच्या रस्त्यानं पुण्याला आलो, तो शेजारी बसून तिला वारा घालत होता. सकाळपर्यंत दवाखान्याबाहेर थांबला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, महागडं घाल, मशीन जपलं जाईल. तो बिचारा आपल्यासाठी चांगलंच करायला गेला होता. त्याच्यावर राग नाही. रोज असा सल्ला देऊन मोकळे होणाऱ्यांवर आहे.

म्हणून सांगतो, साधं पेट्रोल घाला, पण ताजं घाला. परत आल्यावर टाकी रिकामी करा, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये काही उरत नाही. जनरेटर ट्रेलरपासून लांब, मोकळ्या हवेत, धूर खिडकीकडे येणार नाही असा ठेवा, तो धूर जीव घेतो. आणि ज्यांना कॉक सापडत नाही, त्यांनी जनरेटर घेऊन रविवारी सकाळी माझ्याकडे कोथरूडला या, मी दाखवतो. आईच्या हातचा चहाही मिळेल.