नव्या राजाचा गल्ला

आखाजीच्या (म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या) मुहूर्तावर वडिलांनी दुकानाच्या गल्ल्याची किल्ली तुमच्या हाती दिली असेल, तर आधी तुमचं अभिनंदन. तुम्ही गादीवर आलात. गादी आली की राजचिन्हं बदलायला हवीत, चलन बदलायला हवं. हे कसं करायचं ते मी सांगतो, कारण गेल्या मंगळवारीच आमच्या अमळनेरातल्या एका नव्या राजाच्या दरबारात मी हजेरी लावून आलोय.

सुरुवात पाटीपासून करा. जुनी पत्र्याची रंगवलेली पाटी उतरवा, फ्लेक्स लावा. त्यावर मोठा फोटो तुमचा आणि कोपऱ्यात गोल चौकटीत वडिलांचा. (वडील अजून हयात आहेत, हे गिऱ्हाइकाला आत डोकावल्यावर कळेलच.)

फोटोत तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं? इंग्लंडात याची रीत ठरलेली आहे. दुसऱ्या चार्ल्सपासून तिथे नवा राजा नाण्यावर आधीच्याच्या उलट दिशेला बघतो. एलिझाबेथ राणी उजवीकडे बघायची, म्हणून आताचा तिसरा चार्ल्स डावीकडे बघतो. मधे आठवा एडवर्ड झाला, त्याला आपली डावी बाजू जास्त देखणी वाटायची. नाण्यावर त्याचे वडील पंचम जॉर्जही डावीकडेच बघत होते, तरी मीही डावीकडेच बघणार, असा हट्ट धरून बसला. नाणी बाजारात यायच्या आत, डिसेंबर १९३६ मध्ये, गादीच सोडून गेला. आपल्या कच्छ संस्थानाने तेवढ्यात त्याच्या नावाची नाणी पाडूनही टाकली होती! तेव्हा फ्लेक्सवाल्याला घाई करू नका.

फ्लेक्सवाला निवडतानाही जपा. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावर हत्ती कोरला होता, तो लोकांना डुक्कर दिसला. रुपये परत घेऊन वितळवायची वेळ आली, आणि पुढच्या वर्षी हत्तीला नीट सोंड काढावी लागली.

सुट्ट्याच्या जागी चॉकलेट द्या. स्वतःची टांकसाळ असल्याचा आनंद मिळतो.

आता मुख्य काम. वडिलांच्या राज्यात चालणारं नाणं तुमच्या राज्यात बंद करा. मंगळवारी मी पाव किलो भाजीची शेव, चहापत्ती आणि आगपेटी घेतली. नव्वद रुपये झाले. पन्नासची नोट ठेवली आणि दहा-दहाची चार नाणी काचेवर मांडली. राजाने मोबाइलवरून नजरही न काढता एका बोटाने ती माझ्याकडे सरकवली. "काका, हाई चालत नही."

"का बरं नही चालत?"

"आपला आठे कोणीच लेत नही."

मग त्यातलं एक उचलून त्याने मला रेघा मोजून दाखवल्या. पंधरा रेघांचं नकली म्हणे, दहा रेघांचं असली. मी दहा रेघांचं पुढे केलं. तेही नको! म्हणजे रेघा मोजल्या कशाला, माझा वेळ घालवायला? हेच नाणं पुण्याला मुलाकडे गेलो की रिक्षावाला न बघता खिशात टाकतो. अमळनेरच्या वेशीत शिरलं की ते पत्र्याचा तुकडा होतं. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये सांगून टाकलंय की दहाचं नाणं १४ प्रकारचं निघालंय आणि सगळे प्रकार चालतात. २०११ चा नाण्यांचा कायदा म्हणतो, रुपया आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंतच्या देण्याला चालतात. पण कायदा दिल्लीचा. शेवेच्या बरणीमागे राज्य यांचं.

आता खऱ्या राजाचं बघा. एलिझाबेथ राणी ८ सप्टेंबर २०२२ ला गेली. चार्ल्सच्या तोंडाचं पन्नास पेन्सचं नाणं डिसेंबरात फिरायला लागलं, नोटा तर ५ जून २०२४ ला आल्या. आणि राणीच्या? त्या चालूच आहेत. जुनी फाटेल, झिजेल, तशी नवी छापायची, असं बँक ऑफ इंग्लंडनेच ठरवलं. तिथल्या काही लाल टपालपेट्यांवर तर अजून व्हिक्टोरियाची अक्षरं आहेत. पेटी पत्र गिळते ना, मग राहू द्या.

आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? दिल्लीचा शाह आलम १८०६ मध्ये मेला आणि कंपनी सरकार १८३५ पर्यंत त्याच्या नावाने रुपये पाडत राहिलं. माझ्या आजोबांच्या तांब्याच्या डब्यात व्हिक्टोरियाची राणीछाप, सातव्या एडवर्डचा टकलू, पंचम जॉर्ज सगळे एकत्र नांदत. कापसाचे पैसे मोजताना ते रुपया अंगठ्याने उडवून वाजवायचे, आवाज खणखणीत आला की गप डब्यात. राजा कोण, कुठे बघतोय, यांच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. इंग्रज १९४७ ला गेला, आपली सिंहांची नाणी १५ ऑगस्ट १९५० ला आली. मधली तीन वर्षं सहाव्या जॉर्जच्या तोंडाच्या पैशांवर स्वतंत्र भारताने मीठ-मिरची घेतली. तेव्हा कुठल्या दुकानदाराने म्हटलं का, राजा गेला, तुझा आणा घरी ने?

आणि कारण विचारलं की म्हणे होलसेलवाला घेत नाही. होलसेलवाल्याला विचारा, तो म्हणतो बँक मोजत बसत नाही. बँकेत विचारा, ते म्हणतात आम्ही नाही कुठे म्हणतो, तुम्ही आणतच नाही. अरे मग अडलंय कुठे! सगळे एकमेकांकडे बोट दाखवताय आणि नाणं पडलंय मधे. भाजीवालीने सुट्टे म्हणून दहाचं नाणं दिलं की "मावशी, नोट दे" म्हणणारे आपणच ना? तिने ते कुणाला द्यायचं, म्हशीला? चाळीस रुपये म्हणजे तिची दोन जुड्या मेथी. त्यावर भारत लिहिलंय, सिंह आहेत, आणि तू, काल किल्ली मिळालेला पोरगा, एका बोटाने ते सरकवतोस?

मागे गोण्यांपाशी तुझा बाप बसला होता. माझ्याकडे बघून मान खाली घातली त्याने. चाळीस वर्षं त्याने माझ्याकडून मळकी नोट, फाटकी नोट, ठोकळा, सगळं घेतलंय आणि उधारीही मांडलीय. तुला गल्ला मिळाला, टांकसाळ नाही मिळाली.

शेव तिथेच ठेवून आलो. गुरुवारी परत येतोय, तीच चार नाणी घेऊन. मोबाइल बाजूला ठेव आणि घे.