पांढरी भिंत तुमची, झरोका माझा : न्यूग्रेंजवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेचा सूर कडक आहे, पण निम्मं म्हणणं खरं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचे आक्षेप तीन. आयर्लंडमधल्या न्यूग्रेंज या पाच हजार वर्षांपूर्वीच्या दगडी थडग्याची ती पांढरी भिंत पुरातत्त्वज्ञांनीच उभी केली. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, २१ डिसेंबरच्या सुमारास, पहाटेचं ऊन आत गाभाऱ्यापर्यंत जातं असं मी लिहिलं होतं; ते दार आग्नेयेला आहे म्हणून, निव्वळ योगायोग. आणि मी एका थडग्याची वेधशाळा करून टाकली.

भिंतीचं बिनशर्त मान्य. दारापाशी गारगोट्यांचा थर सापडला, त्यावरून तिथलं उत्खनन करणाऱ्या मायकेल ओ'केलींनी उभ्या भिंतीचं अनुमान काढलं आणि ती काँक्रीटच्या आधाराने बांधून घेतली. शेजारच्या नाउथ या तशाच थडग्यापाशी तशाच गारगोट्या जमिनीवर अंथरल्यात. मला ते जास्त पटतं. फोटोखाली मी ‘पाच हजार वर्षं जशीच्या तशी’ असं ठोकून दिलं होतं. ती ओळ काढली.

योगायोगावर मात्र हटणार नाही. गाभाऱ्यात पोचणारं ऊन दारातून येतच नाही! १९ मीटरचा बोळ आत जाताना चढत जातो, जवळजवळ दोन मीटर. गाभाऱ्याची जमीन दाराच्या माथ्याला येते, त्यामुळे दारातला उजेड वाटेतच संपतो. पुढे जातो तो दारावर वेगळ्या बांधलेल्या झरोक्यातला. तो बुजवायला गारगोटीचे ठोकळे होते, आणि ते पुन्हापुन्हा सरकवल्याचे ओरखडे दगडावर आहेत. झरोकाही ओ'केलींनीच रचला म्हणाल, तर त्याच्या कोरीव शिळेची कडा एकोणिसाव्या शतकातच लोकांनी पाहिली होती; ती कशासाठी, हे कळलं नव्हतं. २१ डिसेंबर १९६७ ला ओ'केली पहाटे आत जाऊन बसले आणि झरोक्यातून ऊन गाभाऱ्यात आलं, तेव्हा कळलं. आज किरण सूर्योदयानंतर चारेक मिनिटांनी येतो. पृथ्वीच्या आसाचा कल थोडा बदललाय. थडगं बांधलं त्या काळी तो सूर्य उगवताक्षणीच येत असे.

‘वेधशाळा’ हा शब्द मात्र सैल पडला. आत किमान पाच माणसांची हाडं मिळाली, काही जळलेली. थडगंच ते. पण दार शिळेने बंद झाल्यावरही ऊन आत येईल अशी सोय केलेलं थडगं.

काळ कशावरून, असंही विचारलंत. बोळाच्या छपरातल्या फटी भाजलेली माती आणि समुद्राच्या वाळूने लिंपल्या होत्या, पाणी झिरपू नये म्हणून. त्या मातीच्या कार्बन-१४ तारखा इ. स. पू. ३२०० च्या आसपासच्या आहेत. आणि गाभाऱ्याचं छत तर कुणी नव्याने रचलेलंच नाही. मी ऑगस्टात गेलो तेव्हा बाहेर पावसाची झड लागली होती. अंग तिरकं करत, वाकत आत शिरलो. सहा मीटर उंच छत, चुना नाही, नुसते एकावर एक पुढे सरकवलेले दगड. खाली जमीन कोरडी.