लाट ताशी चाळीस, आम्हीही ताशी चाळीस

कॅम्पर व्हॅनचा जो फोटो सगळीकडे फिरत असतो, त्यात गाडीचं मागचं दार सताड उघडं असतं. आत पांढरी गादी, गादीवर कुणाचे तरी दोन पाय आणि पायांपलीकडे निळा समुद्र. दार उघडं का, हे फोटो सांगत नाही. उष्ण कटिबंधात ते लावून घेतलं तर आतला माणूस शिजतो, म्हणून ते उघडं असतं. उघडं ठेवलं की डास येतात. तेही फोटोत दिसत नाहीत.

मला या भानगडीत ओढलं भाच्याने. "मामा, किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं. लाट दिसेल तिथे मुक्काम, सकाळी सर्फिंग. बुकिंग नाही, कुणाची कटकट नाही." यातलं शेवटचं अगदी खरं निघालं. कटकट करायला आम्ही दोघंच होतो आणि ती आम्ही आळीपाळीने केली.

या प्रकाराला परंपराही मोठी आहे म्हणे. फोक्सवॅगनने १९५० साली डब्यासारखी 'टाइप २' व्हॅन बाजारात आणली. साठच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सर्फरांनी तिला डोक्यावर घेतलं, आणि तिने त्यांचे बोर्ड. हे सगळे सर्फर तेव्हा विशीतले होते आणि त्यांच्या कमरेत चमक भरत नसे, एवढा तपशील भाच्याने वगळला होता.

आमचे बोर्ड टपावर नव्हते. उन्हात बोर्ड तापला की वरचा थर सुटून फुगे येतात, त्यामुळे भाच्याचा टपाला सक्त विरोध. शिकाऊ माणसाचा फोमचा बोर्ड आठ-नऊ फुटांचा असतो. माझा नऊ फुटी होता आणि आमची गादी त्याहून बरीच आखूड. दिवसा बोर्ड गादीवर झोपत. रात्री ते आमच्या दोघांच्या मधोमध आडवे होत आणि माझ्या बोर्डाच्या पोटाखालचं फिन, म्हणजे माशाच्या परासारखं पातं, माझ्या बरगडीला सारखं काहीतरी विचारत राही. दुपारी गाडी थांबवायची वेळ आली आणि जवळपास एकच झाड असलं, तर त्याची सावली बोर्डांना. मामा काय, घामाने थंड होतो.

बोर्डाला वॅक्स लावतात. तो चकाकीसाठी नसतो. पाय घसरू नये म्हणून खरखरीत उंचवटे येईपर्यंत तो घासायचा असतो. कोमट पाण्यासाठी तो मुद्दाम कडक बनवलेला मिळतो. पण तो कडक राहतो पाण्यात. बंद गाडीत तो आधी मऊ झाला, मग वितळला, आणि त्याने थेट माझी उशी गाठली. त्यानंतर झोपेत माझं डोकं कधीच घसरलं नाही.

आता लाटेबद्दल. किनाऱ्यावर फुटणारी लाट तिथलीच असते, असा माझा समज होता. भाचा म्हणाला, ती दूरवरच्या वादळात जन्मते आणि समुद्र ओलांडून येते. वॉल्टर मंक नावाच्या समुद्रशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये दक्षिण गोलार्धातल्या वादळांच्या लाटांचा माग प्रशांत महासागरभर ठिकठिकाणी उपकरणं लावून काढला, तो पार अलास्कापर्यंत! दहा हजार किलोमीटरहून जास्त प्रवास, वाटेत कुठे चहापाणी नाही. १४ सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटांचा ताफा खोल समुद्रात ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगाने सरकतो. आमच्या गाडीचा सरासरी वेग मी मनातल्या मनात काढून पाहिला. तोही चाळीसच निघाला. फरक इतकाच, की लाटेला डिझेल भरावं लागत नाही, पाण्याची टाकी भरावी लागत नाही आणि संडासाची पेटी ओतायला अधिकृत जागा शोधावी लागत नाही. त्या पेटीबद्दल मी इथे अधिक लिहिणार नाही. ती पाळी आलटून पालटून असायची, पण भाचा लहान असल्यामुळे त्याचे आलटून नेहमी मोजण्यात चुकत.

लाट हजारो किलोमीटरवरून वेळेत येते आणि तिच्यापासून पन्नास पावलांवर मुक्काम ठोकलेले आपण उशिरा पोहोचतो, ही खरी गंमत आहे. रात्री जमीन गार होते, वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो (याला सर्फर ऑफशोअर म्हणतात) आणि लाटेचा चेहरा गुळगुळीत, उभा धरून ठेवतो. ऊन चढलं की वारा उलटतो आणि लाटांचा भुगा होतो. म्हणजे जे काय करायचं ते उजाडता उजाडता. "मामा, ऊठ, ऑफशोअर आहे!" या आरोळीसरशी उठून बाहेर पडायला काय लागतं? लीश लागते, म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी. ती गादीखालच्या कप्प्यात. गादी उचलायची तर तिच्यावर भाचा बसलेला, कारण उभं राहायला जागा नाही. भाचा बाहेर गेला की त्याच्या जागी बोर्ड येतो. बोर्ड बाहेर काढावा तर दारात शेगडी, शेगडीवर काल रात्रीचं भांडं, भांड्यात वाळू. व्हॅनमधली प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या खाली असते. सगळ्यात खाली काय असतं, तर जी आत्ता हवी ती. आम्ही पाण्यापर्यंत पोहोचेस्तोवर वाऱ्याने पाठ फिरवलेली असायची.

तरी आत शिरायचोच. पोटावर पडून हात मारत जायचं, लाट मागून आली की जोर लावायचा आणि एका झटक्यात उभं राहायचं. हा झटका भाचा एका हालचालीत मारी. माझ्या झटक्याचे टप्पे असत: आधी एक गुडघा, मग विचार, मग दुसरा गुडघा. तोपर्यंत लाट किनाऱ्यावर जाऊन परतलेली असे आणि मी तोंडघशी. शिवाय वर येताना डोकं दोन्ही हातांनी झाकायचं, कारण ताणलेली लीश बोर्ड परत तुमच्याच अंगावर फेकते. वेटसूट, म्हणजे गार पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख, घराघरांत नेणाऱ्या जॅक ओ'नील यांचा डावा डोळा अशाच लीशपायी गेला. हे भाच्याने मला पाण्यात, खांद्याइतक्या खोलीवर सांगितलं.

एका संध्याकाळी मी गाडीमागे नळी धरून आंघोळीला उभा राहिलो. मीठ आणि वाळू यांनी अंगावर पापड वाळायला घातल्यासारखं झालं होतं. डोक्यापासून पायापर्यंत साबण चोपडला आणि पंप घरघरला. नळीतून शेवटचे चार थेंब आले. ४० लिटरची टाकी भाच्याने दुपारी बोर्ड धुण्यात संपवली होती.

"अरे, आता काय?"

"मामा, समोर अख्खा समुद्र आहे की!"

डोळ्यांत साबण, हातात काहीच नाही, अशा स्थितीत मी चाचपडत कमरेइतक्या पाण्यात गेलो. मागून एक लाट आली. मला दिसली नाही, म्हणून विचार करायला वेळ मिळाला नाही. तिने मला पोटावर उचललं आणि सरळ, सुसाट, थेट वाळूवर आणून ठेवलं. एवढा लांबचा पल्ला बोर्डासकट मी कधी गाठला नव्हता.

साबण मात्र निघाला नाही. खाऱ्या पाण्यातल्या क्षारांनी त्याचा चिकट साका झाला आणि त्यावर वाळू बसली. मी उठू लागलो तसा भाचा धावत आला, माझ्या पाठीवरून बोटं फिरवली आणि म्हणाला, "मामा, हलू नकोस. काय ग्रिप आलीये तुझ्यावर!"